इटलीतली डोंगरमाथ्यावरची जुनी गावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस करून झालं की पुढच्या खेपेला ‘आतली’ इटली बघायची असं बरेच जण ठरवतात आणि मग तेच तेच प्रश्न पडतात. खालची उत्तरं मध्य इटलीतले टस्कनी आणि उंब्रिया हे प्रांत आणि रोमच्या लाझिओ प्रांताचा उत्तरेकडचा कोपरा एवढ्यापुरतीच आहेत. माझं एक ठाम मत आधीच सांगून टाकते, कारण ते बहुतेक उत्तरांत डोकावणार आहे: या गावांत मुक्काम करा. अकराला बसमधून उतरून तीनला परत निघणाऱ्याला दुकानं दिसतात, गाव दिसत नाही.

ही गावं डोंगरावरच का वसवली?

शत्रू आणि हिवताप, ही दोन मुख्य कारणं. ऑर्व्हिएतो, कोर्तोना, व्होल्तेर्रा, पेरुजा या जागा तर रोमनांच्याही आधी एट्रुस्कन लोकांनी हेरलेल्या. पुढे रोमन साम्राज्य कोसळलं, सपाटीवरचे पाण्याचे निचरे तुंबले, दलदल वाढली, डास वाढले आणि लुटारूंना अडवणारं कुणी उरलं नाही. दहाव्या-अकराव्या शतकात जमीनदारांनी विखुरलेल्या वस्त्या उचलून तटबंदीच्या आत आणल्या. बाराव्या-तेराव्या शतकात त्यातली कित्येक गावं स्वतःचा कारभार स्वतः बघू लागली आणि लगेच शेजारच्या गावाशी भांडू लागली. कुणी पोपच्या बाजूचं, कुणी आल्प्सपलीकडच्या ‘पवित्र रोमन’ सम्राटाच्या.

आपल्याकडे गडावर किल्लेदार, शिबंदी आणि दारूकोठार असायचं, रयत पायथ्याला. इथे उलट. चर्च, बाजार, विहीर, न्हावी, लोहार, सगळं वर. खाली फक्त शेत. शेतकरी सकाळी उतरायचा आणि वेशीचा दरवाजा लागायच्या आत वर यायचा.

मग ती इतकी जशीच्या तशी टिकली कशी?

गरिबीमुळे. सान जिमिन्यानोचंच घ्या. उत्तरेकडून रोमला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवर, व्हिया फ्रांचिजेनावर, हे गाव होतं. केशराच्या व्यापारात पैसा आला आणि पैशाबरोबर मनोरे आले. प्रत्येक बड्या घराण्याला शेजाऱ्यापेक्षा उंच मनोरा हवा. ऐन भरात असे ७२ मनोरे होते असं सांगतात. १३४८ मध्ये प्लेग आला, गाव निम्मं रिकामं झालं आणि १३५३ मध्ये फ्लोरेन्सच्या अमलाखाली गेलं. त्यानंतर जुनं पाडून नवं बांधण्याइतका पैसा गावात कधी आलाच नाही. आज १४ मनोरे उभे आहेत आणि १९९० पासून गाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. फ्लोरेन्समध्येही असे मनोरे होते. तिथे पैसा होता, म्हणून ते गेले.

टस्कनी की उंब्रिया?

पहिल्यांदाच जात असाल आणि गाडी चालवणार असाल तर टस्कनी. व्हाल द’ओर्चाच्या टेकड्या, सायप्रसच्या उंच झाडांच्या रांगा, मोन्ताल्चिनो, मोन्तेपुल्चानो, पिएन्झा, हे सगळं फोटोत दिसतं तसंच प्रत्यक्षात आहे. ट्रेन-बसने फिरणार असाल, गर्दी नको असेल आणि खिसा सांभाळायचा असेल तर उंब्रिया. अस्सिसी, स्पेल्लो, स्पोलेतो, पेरुजा ही गावं रेल्वेने एकमेकांना जोडलेली आहेत. मला विचाराल तर उंब्रिया.

पिएन्झाबद्दल एक खुलासा: ते मध्ययुगीन नाही. पोप दुसरे पायस यांनी १४५९ पासून आपलं जन्मगाव कोर्सिन्यानो नव्याने आखून घेतलं आणि त्याला स्वतःचं नाव दिलं. त्यामुळे चौक सरळ, घाट रेखीव. सुंदर आहे, पण गल्लीबोळांत हरवायचं असेल तर ते दुसरीकडे.

एकच गाव बघायला वेळ आहे. कुठलं?

ऑर्व्हिएतो. रोमहून ट्रेनने तास-सव्वा तासात पोहोचता येतं, आणि स्टेशनसमोरूनच फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी उताराची गाडी, वर कड्यावर नेऊन सोडते. १८८८ मध्ये सुरू झाली तेव्हा ती पाण्याच्या वजनावर चालायची.

फ्युनिक्युलरमधून उतरलात की पहिल्यांदा कॅथीड्रलकडे धावू नका. जवळच सान पात्रित्सियोची विहीर आहे, ती बघा. १५२७ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटलं तेव्हा पोप सातवे क्लेमेंट पळून इथे आले. वेढा पडला तर पाण्याचं काय, या धास्तीने त्यांनी आंतोनियो दा सान्गाल्लो या वास्तुविशारदाला विहीर खणायला सांगितली. सुमारे ५३ मीटर खोल, खडकात कोरलेली. खरी करामत तिच्या जिन्यांत आहे. विहिरीभोवती दोन गोल जिने एकमेकांत गुंफून खाली जातात आणि कुठेही एकमेकांना छेदत नाहीत. रिकाम्या पखाली घेतलेली खेचरं एका जिन्याने उतरायची, तळाशी छोटा पूल ओलांडायची आणि भरलेल्या पखाली घेऊन दुसऱ्या जिन्याने वर यायची. समोरासमोर येऊन अडायचा प्रश्नच नाही. २४८ पायऱ्या आहेत, पण खेचरांसाठी केलेल्या, म्हणजे रुंद आणि बुटक्या. आतल्या भिंतीला खिडक्या आहेत. मध्यावर थांबून त्यातून डोकावलं की वर नाण्याएवढं आकाश आणि समोरच्या खिडकीत दुसऱ्या जिन्यावरची माणसं दिसतात. एकाच विहिरीत असून तुमची आणि त्यांची गाठ पडत नाही.

गाव ज्या खडकावर आहे तो ज्वालामुखीच्या राखेचा, मऊ. त्यामुळे लोकांनी शतकानुशतकं घराखाली भुयारं खणली: तेलाचे घाणे, दारूची तळघरं आणि कबुतरांसाठी भिंतीत रांगेने कोरलेले चौकोनी कोनाडे. कबुतरं पाळायची ती खायला. बाहेर दाणा टिपून स्वतःच परत येतात, वेढ्यात आणखी काय हवं! ही भुयारं वाटाड्याबरोबरच बघता येतात.

कॅथीड्रलचा पाया १२९० चा. भिंतींवर काळ्या बसाल्टचे आणि फिक्या ट्रॅव्हर्टाइनचे आडवे पट्टे, दर्शनी बाजू सोनेरी मोझेकची. ती पश्चिमेकडे तोंड करून आहे, तेव्हा बाहेरून बघायला संध्याकाळ गाठा. आत सान ब्रित्सियोच्या चॅपेलमध्ये लुका सिन्योरेल्लीने १४९९ ते १५०४ या काळात रंगवलेला जगाचा अंत आहे. जमिनीतून हाडांचे सापळे वर येताहेत आणि वर येता येता त्यांच्यावर मांस चढतंय. लहान मुलांना आधी सांगून ठेवा.

सान जिमिन्यानोला फार गर्दी असते म्हणे. जावं का?

जावं, पण राहायला. दुपारी मुख्य रस्त्यावर माणसाला माणूस लागतो. सहा वाजले की बसेस निघून जातात, आणि चिस्तेर्ना चौकातल्या विहिरीच्या कट्ट्यावर बसायला जागा मिळते. तोर्रे ग्रोस्सा हा सगळ्यात उंच मनोरा ५४ मीटरचा आहे आणि चढता येतो. मुक्काम शक्य नसेल तर त्याऐवजी व्होल्तेर्राला जा: एट्रुस्कन वेस, अलाबास्टर हा मऊ, फिका दगड कोरणाऱ्या कारागिरांच्या कार्यशाळा, १२०८ मध्ये बांधायला घेतलेली नगरसभेची इमारत आणि त्या मानाने शांत रस्ते.

एका दिवसात किती गावं होतात?

गाडीने तीन सहज ‘होतात’. टिक मारायची असेल तर पाचही होतील. पण तिसऱ्या गावानंतर सगळ्या दगडी कमानी सारख्याच दिसायला लागतात आणि सोबतची मंडळी जेलातोच्या (इटालियन आइस्क्रीमच्या) दुकानाबाहेर ठाण मांडतात. एक मुक्कामाचं गाव आणि दिवसाला एक फेरी, एवढं पुरे.

गाडी न घेता जमेल का?

जमेल, वेळापत्रक वाचता आलं तर. स्थानिक गाड्यांना आधी आरक्षण लागत नाही, भाडंही ठरलेलं असतं. फक्त कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या. मोबाइलवरच्या तिकिटाला चेक-इन करावं लागतं. विसरलात तर तिकीट असूनही दंड.

बसचं तिकीट ‘ताबाक्की’ म्हणजे तंबाखू-सिगारेटच्या दुकानात मिळतं. बाहेर मोठा ‘टी’ असतो. वेळापत्रकावर ‘फेरियाले’ लिहिलेली बस सोमवार ते शनिवार धावते, ‘फेस्तिव्हो’ म्हणजे रविवार आणि सणवार. ‘स्कोलास्तिको’ लिहिलेली बस फक्त शाळा चालू असताना. उन्हाळ्याच्या सुट्टीत या शेवटच्या बसची वाट बघत उभे राहणारे पर्यटक दरवर्षी दिसतात. रविवारी लांबच्या गावाचा बेत आखूच नका.

स्टेशनच्या नावावरही जाऊ नका. अस्सिसीचं स्टेशन खाली सपाटीला आहे, वर जायला शहर बस. कोर्तोनाचं कामुचियात. सान जिमिन्यानोला स्टेशनच नाही; पोज्जिबोन्सीला उतरून बस धरायची. गुब्बियोलाही नाही, पेरुजाहून बस सोयीची.

गाडी भाड्याने घेतली तर काय सांभाळायचं?

भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना हवा. तो निघण्याआधी आपल्या आरटीओतून काढून घ्या.

खरी भानगड ‘झेड-टी-एल’ची. जुन्या गावाच्या आत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. वेशीवर लाल वर्तुळाची पाटी आणि वर कॅमेरा. पोलीस नसतो, अडसर नसतो, कुणी अडवत नाही. काही महिन्यांनी दंडाची नोटीस घरी येते, आणि गाडीवाली कंपनी तुमचं नाव-पत्ता कळवल्याबद्दल स्वतःचे वेगळे पैसे कार्डावरून कापून घेते. दोनदा आत-बाहेर केलं असेल तर दोन दंड. गूगल मॅप्स तुम्हाला खुशाल आत नेईल. हॉटेल आतच असेल तर आधी मेल करून गाडीचा नंबर नगरपालिकेकडे नोंदवायला सांगा.

पार्किंगला पांढऱ्या रेघा म्हणजे फुकट, निळ्या म्हणजे पैसे, पिवळ्या म्हणजे राखीव. तटाबाहेर गाडी लावा आणि चालत वर जा.

आई-बाबा सोबत आहेत. गुडघ्यांचं काय?

प्रश्न रास्त आहे, पण उत्तर वाटतं तितकं वाईट नाही. कारण या गावांत अजून माणसं राहतात आणि त्यातली बरीच म्हातारी आहेत. पेरुजात सरकते जिने थेट पोपने बांधलेल्या रोक्का पाओलिना किल्ल्याच्या पोटातून वर जातात. सोळाव्या शतकात पोप तिसरे पॉल यांनी शहराचा एक भाग गाडून त्यावर तो किल्ला बांधला. तुम्ही जिना चढत असता आणि बाजूला जुनी गल्ली, घरांची दारं, सगळं छताखाली दिसत राहतं. स्पोलेतो, कोर्तोना, अस्सिसी, सिएना इथेही पार्किंग किंवा स्टेशनपासून वर जायला सरकते जिने किंवा लिफ्ट आहेत. गुब्बियोत चौकापर्यंत लिफ्ट आहे.

गुब्बियोतूनच डोंगरावरच्या संत उबाल्दोच्या चर्चला जायला जी केबल आहे, ती मात्र आई-बाबांना आधी दाखवा आणि मगच तिकीट काढा. लोखंडी पिंजरा, दोघांना उभं राहता येईल एवढा, कमरेच्या वर उघडा. तो थांबत नाही. जमिनीवरच्या खुणेवर उभं राहायचं, पिंजरा आला की माणूस दार उघडून आत ढकलतो.

व्हीलचेअर असेल तर ऑर्व्हिएतोचा माथा त्यातल्या त्यात सपाट आहे. चाकांची मोठी बॅग मात्र कुठेच नको. दगडी फरसबंदीवर चाक निखळतं आणि सगळ्या गल्लीला कळतं की पाहुणे आले.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

हाल नाहीत, पण विचारावं लागतं. टस्कनीत पिची नावाचा हाताने वळलेला जाड शेवयांसारखा पास्ता मिळतो. ‘आल्ल’अल्योने’ म्हणजे टोमॅटो आणि मोठ्या पाकळ्यांच्या लसणाच्या रश्शातला. पाप्पा अल पोमोदोरो हे शिळ्या पावाचं आणि टोमॅटोचं दाट सार, उन्हाळ्यात पान्झानेल्ला, म्हणजे शिळ्या पावाची आणि टोमॅटोची कोशिंबीर. रिबोल्लिता हे पाव, घेवडा आणि काळ्या कोबीचं दाट सूप. काही ठिकाणी त्यात मांसाचं पाणी असतं.

उंब्रियात फसायच्या जागा वेगळ्या. स्त्रांगोत्सी पास्त्यावरच्या काळ्या ट्रफलच्या (जमिनीखाली वाढणाऱ्या अळंबीच्या) सॉसमध्ये अँचोव्ही मासा वाटलेला असू शकतो, आणि मेन्यूत तो लिहिलेला नसतो. कास्तेल्लुच्चोची मसूर सुरेख, पण बऱ्याचदा सॉसेजबरोबर शिजवलेली. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा ब्रोदो दि कार्ने’ (मांस नको, मासा नको, मांसाचं पाणी नको) एवढं पाठ करा. परमेसान आणि पेकोरिनो चीजमध्ये साधारणपणे प्राण्याचं रेनेट, म्हणजे वासराच्या जठरातून काढलेलं विरजण, असतं. जे कटाक्षाने पाळतात त्यांनी चीजच टाळलेलं बरं. कांदा-लसूणही वर्ज्य असेल तर स्वयंपाकघर असलेलं शेतघर, ‘आग्रितुरिस्मो’, घ्या आणि स्वतः रांधा.

पावात मीठ नसतं. त्यांचं चुकलेलं नाही, टस्कनी आणि उंब्रियाची पद्धतच ती.

जेवण दुपारी साडेबारा ते अडीच, रात्री साडेसातनंतर. मधल्या वेळात हॉटेलचा दरवाजा वाजवू नका. बिलावर माणशी ‘कोपेर्तो’ लागतो, तो टिप नव्हे, बसण्याचा आकार. कॉफी उभ्याने प्या, स्वस्त पडते.

‘मरणारं गाव’ चिविता दी बान्योरेज्जो खरंच तसं आहे का?

खडक ढासळतोय हे खरं. मातीच्या थरावर राखेचा खडक, खालची माती पावसाने वाहून जाते आणि वरचे कडे तुटतात. १६९५ च्या भूकंपाने मोठा तडाखा दिला आणि लोक समोरच्या बान्योरेज्जोत गेले. आज कायम राहणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. जायला फक्त लांबच लांब पादचारी पूल, आणि त्यावर पाय ठेवायला पाच युरो. २०१३ मध्ये दीड युरोपासून सुरुवात झाली होती. गाव मरायच्या ऐवजी तिकिटावर तगलंय, असं म्हणायला हरकत नाही. ऑर्व्हिएतोहून बस आहे, पण रविवारी मिळेल असं धरू नका. सकाळी नऊच्या आत किंवा सूर्यास्ताच्या आसपास जा. आत पाऊण तासात बघून होतं. लांबून, बान्योरेज्जोच्या टोकावरून दिसणारं दृश्य जास्त चांगलं.

अस्सिसी फक्त ख्रिस्ती भाविकांसाठी आहे का?

मुळीच नाही. इथलेच संत फ्रान्सिस १२२६ मध्ये गेले आणि दोनच वर्षांत त्यांच्या नावाच्या बॅसिलिकेचं, म्हणजे मोठ्या चर्चचं, काम सुरू झालं. गरिबीचं व्रत घेतलेल्या माणसावर केवढी ही इमारत, हा विचार तिथे येतोच. १९९७ च्या भूकंपात वरच्या चर्चच्या छताचा काही भाग कोसळला, चार जण गेले, चित्रांचे हजारो तुकडे झाले. ते वेचून जोडले. वर बघितलंत तर कुठे चित्र आहे आणि कुठे नुसता गिलावा, ते कळतं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

कधी जावं?

एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये दगड तापतो. जानेवारी-फेब्रुवारीत लहान गावांतली निम्मी हॉटेलं बंद.

सणाला जायचं असेल तर १५ मेला गुब्बियो. तीन अजस्र लाकडी खांब, त्यांच्यावर संतांच्या मूर्ती, खांद्यावर घेऊन गावकरी डोंगर चढत पळतात. शर्यत म्हणावी तर पुढच्याला मागे टाकता येत नाही, क्रम ठरलेला. संत उबाल्दो कायम पहिले. कुणाचा खांब जास्त सरळ राहिला यावर वर्षभर वाद. सिएनाचा पालिओ, म्हणजे चौकातली घोड्यांची शर्यत, २ जुलै आणि १६ ऑगस्टला. त्या दिवसांत खोली मिळेल ही आशा सोडा.

मराठी माणसाचा या भागाशी काही संबंध?

आहे, आणि तो फार जणांना ठाऊक नाही. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी याच टेकड्यांवरून उत्तरेकडे लढत गेल्या. १० जुलै १९४४ रोजी वरच्या तिबर खोऱ्यात रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. तुकडीप्रमुख सोडला तर बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. तो प्रमुख म्हणजे घाडगेच. ते एकटे मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले, हातबॉम्ब टाकला, एकाला गोळी घातली. पुढचं मॅगझिन भरायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीनेच झोडपलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

पेरुजाच्या उत्तरेला मोंतोने नावाचं छोटं तटबंदीचं गाव आहे. तिथे २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपातलं स्मारक उभं राहिलं. गावही देखणं आहे, पर्यटक कमी. गाडी असेल तर वाट वाकडी करण्यासारखं. आरेत्सोच्या युद्ध दफनभूमीतही भारतीय सैनिकांची स्मृतिस्थळं आहेत.

एक युरोत घर मिळतं हे खरं का?

जाहिरात खरी, घर पडकं. अशा योजना बहुतेक सिसिली, सार्डिनिया आणि दक्षिणेकडच्या ओस पडलेल्या गावांत असतात. ऑर्व्हिएतोत किंवा मोन्तेपुल्चानोत कुणी एक युरोत घर देत नाही. अनामत भरावी लागते, ठरलेल्या मुदतीत, बऱ्याचदा तीन वर्षांत, दुरुस्ती करावी लागते, आणि तिचा खर्च हजारो युरोंत जातो. घर घेतलं म्हणून इटलीत राहायचा परवानाही मिळत नाही. त्या पैशात स्पेल्लोत महिनाभर खोली भाड्याने घ्या; दुसऱ्या आठवड्यापासून बारवाला तुमची कॉफी न विचारता समोर ठेवेल.